टीव्हीला जोडायला वेगळा संगणक घ्यावा का? खर्चापूर्वी क्रमाने तपासायच्या गोष्टी

दिवाणखान्यातल्या टीव्हीला कायमचा जोडून ठेवलेला संगणक, म्हणजेच होम थिएटर पीसी, घ्यावा की नाही हे ठरते ते घरात काय पाहिले जाते आणि ते कोठून येते, यावर. पाहण्याजोगे बरेचसे आपल्याच मालकीच्या फायलींमध्ये, डीव्हीडींवर आणि जुन्या कॅसेटींमध्ये असेल, तर असा संगणक आजही अत्यंत उपयोगी आहे. याउलट घरातले बहुतेक पाहणे नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार किंवा झी फाइव्ह यांच्यावर होत असेल, तर टीव्हीच्या मागे खोचायची छोटी स्टिक तेच काम कमी खर्चात आणि पुष्कळदा अधिक चांगल्या दर्जाने करते. आपले घर यांपैकी कोठे बसते, हे शोधण्याचा क्रम पुढे दिला आहे.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या विषयावरचा जुना सल्ला आपल्याला फारसा लागू पडत नाही. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती आणली, तेव्हा तिचे मोठे आकर्षण टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणे हे होते. अमेरिकेत पुढे केबलचे वर्गणीचे चॅनेलही एका कार्डाच्या साहाय्याने थेट संगणकात घेता येऊ लागले. आपल्याकडच्या डीटीएच आणि केबल सेवांचे वर्गणीचे चॅनेल कंपनीच्या सेट टॉप बॉक्सशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे हा उपयोग येथे रुजलाच नाही. २०१५ च्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर काढून टाकले गेले. तेव्हा ‘टीव्ही रेकॉर्ड करता येईल’ या आशेने संगणक घेणार असाल, तर तो विचार येथेच सोडून द्यावा.

पायरी पहिली: पंधरा दिवसांची नोंद

एका वहीत पंधरा दिवस रोज लिहावे: काय पाहिले, कोणी पाहिले आणि ते कोठून आले. आजोबांची यूट्यूबवरची कीर्तने, मुलांची कार्टून, क्रिकेटचा सामना, रविवारी लावलेले जुने नाटक, लग्नाची चित्रफीत, सगळे लिहावे. आपण काय पाहतो याविषयीची आपली समजूत आणि प्रत्यक्ष नोंद यांत बरेच अंतर निघते. संग्रहात शेकडो चित्रपट असणारा माणूसही बहुतेक संध्याकाळी ओटीटीवरच असतो, आणि ‘आमच्याकडे सगळे ऑनलाइनच’ म्हणणाऱ्या घरात कपाटभर व्हीसीडी केवळ लावायला यंत्र उरले नाही म्हणून पडून असतात. म्हणून नोंदीच्या शेवटी आणखी एक रकाना ठेवावा: पाहायचे होते, पण लावता आले नाही असे काय? माझ्या मते निर्णयासाठी हाच रकाना सर्वांत मोलाचा आहे.

पायरी दुसरी: आहे त्या टीव्हीची परीक्षा

आजचे स्मार्ट टीव्ही पेनड्राइव्हवरच्या फायली बऱ्यापैकी चालवतात, आणि ज्याचे काम तेवढ्यावर भागते त्याने संगणकाच्या नादी लागू नये. एक पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावा, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. टीव्ही कोणती पद्धत वाचतो हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. मग त्यावर मुद्दाम वेगवेगळ्या जातींच्या फायली घ्याव्यात: एचईव्हीसी (चित्र दाबून लहान जागेत साठवण्याची एक पद्धत) पद्धतीची १० बिटची एक, डीटीएस (अनेक स्पीकरांसाठी आवाज साठवण्याची एक पद्धत) आवाज असलेली एक, एखाद्या व्हीसीडीवरून उतरवलेली एक आणि मराठी सबटायटल्सची वेगळी एसआरटी फाईल असलेली एक.

डीटीएसची फाईल लावल्यावर चित्र येते आणि आवाज येत नाही, असे पुष्कळ टीव्हींवर घडते. सॅमसंगने तर २०१८ पासूनच्या टीव्हींमधून डीटीएस काढूनच टाकले आहे. मराठी सबटायटल्स लावल्यावर जवळ जाऊन नीट वाचावे. जोडाक्षरे तुटून पाय मोडलेल्या अक्षरांची रांग दिसते का, ‘स्थिती’मधला ऱ्हस्व इकार ‘स्थ’च्या आधी न येता नंतर येतो का, हे पाहावे. देवनागरीची मांडणी न जमणारी उपकरणे अजूनही आहेत, आणि इंग्रजी परीक्षणांमध्ये हा मुद्दा सहसा सापडत नाही. चारही फायली व्यवस्थित चालल्या आणि नोंदवहीतला ‘लावता आले नाही’ हा रकाना रिकामा असला, तर पुढचे वाचण्याची गरज नाही.

पायरी तिसरी: संगणकाला काय जमत नाही

ओटीटी कंपन्या आपले उच्च दर्जाचे चित्र अशाच उपकरणांना देतात ज्यांच्या चिपमध्येच चोरीविरोधी संरक्षण बसवलेले असते. स्टिक आणि स्मार्ट टीव्ही यांना त्या संरक्षणाचे प्रमाणपत्र मिळालेले असते. संगणकावरच्या ब्राउझरला बहुधा नसते. विंडोजवर नेटफ्लिक्सचे ४के चित्र हवे असेल, तर एज ब्राउझर किंवा त्यांचे स्वतःचे ॲप, इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा अथवा त्या तोडीचा प्रोसेसर, एचईव्हीसीची जोड आणि एचडीसीपी २.२ (केबलमधून चित्राची चोरी रोखणारी व्यवस्था) पाळणारा टीव्ही अशी सगळी साखळी जुळावी लागते. लिनक्सवर तर ४के मिळतच नाही. वर्गणी ४के ची भरायची आणि चित्र त्याहून कमी दर्जाचे पाहायचे, हा सरळ तोटा आहे.

उजेड-अंधार आणि रंग अधिक ठळक दाखवणाऱ्या एचडीआर चित्रांचा एक प्रकार म्हणजे डॉल्बी व्हिजन; त्याच्या बाबतीतही संगणक मागे आहे. एचडीआर१० या दुसऱ्या प्रकारची चित्रे तो नीट देतो, पण डॉल्बी व्हिजन हवे असणाऱ्याने टीव्हीचे स्वतःचे ॲप किंवा त्यासाठीचा बॉक्स वापरावा. ४के ब्लू-रे तबकड्यांची कथा आणखी विचित्र आहे. संगणकावर त्या अधिकृतपणे चालवण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील एसजीएक्स नावाची सुरक्षाव्यवस्था लागते, आणि इंटेलने ती घरगुती प्रोसेसरांच्या अकराव्या पिढीपासून वगळली. म्हणजे नवा संगणक घेतला तर ती तबकडी चालणार नाही, जुना असेल तर कदाचित चालेल. ज्याच्याकडे अशा तबकड्या आहेत त्याने सरळ ४के ब्लू-रे प्लेअर घ्यावा.

पायरी चौथी: संगणक जेथे सरस ठरतो

आता दुसरी बाजू, आणि महाराष्ट्रातल्या अनेक घरांसाठी ती फार मोलाची आहे. मराठी नाटके एके काळी व्हीसीडीवर मोठ्या प्रमाणात निघाली. व्हीसीडीवर ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे चित्र असते, एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटे मावतात, म्हणून एक नाटक दोन किंवा तीन तबकड्यांवर येते. यांतली सगळी नाटके ओटीटीवर आलेली नाहीत. यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह लावून तबकडी उघडली की आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसतो, आणि त्यातली डॅट फाईल व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये लगेच चालू होते. तबकडीचा थर खराब होऊ लागला की ती वाचली जात नाही, तेव्हा विकत घेतलेल्या तबकड्यांची स्वतःपुरती प्रत शक्य तितक्या लवकर काढून ठेवणे शहाणपणाचे आहे.

घरच्या चित्रफितींचेही तसेच. व्हीएचएस कॅसेट असो वा मिनीडीव्ही, कोकणच्या दमट हवेत तिला बुरशी लागते, आणि ती संगणकात उतरवून घेतली की मिनीडीव्हीच्या एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. अशा चित्रणात प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, आलटून पालटून ओळी घेऊन, साठवलेले असते. साध्या प्लेअरवर ते लावले की मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता टाकणाऱ्या हाताच्या कडांना फणीच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. संगणकावर डीइंटरलेसिंगची, म्हणजे हे अर्धे भाग पुन्हा जुळवण्याची, पद्धत आपल्याला निवडता येते, सेकंदाला ५० चित्रांची सलग हालचाल मिळते आणि तीच जुनी कॅसेट अनपेक्षितरीत्या जिवंत दिसते.

चित्रांचा वेग हा तर संगणकाचा खास प्रांत आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचे असतात, दूरदर्शनच्या काळातले आपले चित्रण पॅल पद्धतीचे, म्हणजे २५ चित्रांचे असते, आणि पुष्कळ उपकरणे टीव्हीला सरसकट सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतात. मग २४ चित्रांना ६० मध्ये बसवण्यासाठी एक चित्र दोनदा आणि पुढचे तीनदा दाखवावे लागते. २५ चे गणित त्याहून वेडेवाकडे होते. कॅमेरा सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे फिरत असताना दृश्य अडखळत सरकते ते यामुळे. कोडी या संग्रह पाहण्याच्या प्रणालीसारख्या प्रणालीत रिफ्रेश रेट, म्हणजे टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र दाखवतो तो आकडा, चित्रपटाप्रमाणे आपोआप बदलण्याची सोय आहे: २४ च्या चित्रपटाला टीव्ही २४ वर जातो, २५ च्या मालिकेला ५० वर, आणि अडखळणे थांबते. काही स्टिकमध्येही आता ही सोय येते, पण सर्व ॲप तिचा वापर करत नाहीत.

आवाजाचे थोडक्यात सांगतो. ज्यांच्याकडे एव्ही रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारे यंत्र) आणि खरे पाच-सात स्पीकर आहेत, त्यांना डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे मूळ दर्जाचे आवाज जसेच्या तसे रिसीव्हरकडे पोहोचवणे संगणकावर सोपे जाते. फक्त साउंडबार असेल आणि तोही टीव्हीच्या साध्या एआरसी वाटेने (टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलनेच साउंडबारकडे पाठवण्याची सोय) जोडलेला असेल, तर त्या वाटेने हे आवाज जातच नाहीत. त्यासाठी ईएआरसी, म्हणजे त्याच वाटेची सुधारित आवृत्ती, हवी. अशा घरात आवाजासाठी संगणक घेण्यात अर्थ नाही.

पायरी पाचवी: घरच्या लॅपटॉपवर पंधरवडाभर प्रयोग

येथपर्यंत आल्यावर संगणक हवासा वाटत असेल, तरी लगेच खरेदी करू नये. घरातला जुना लॅपटॉप एचडीएमआयच्या केबलने टीव्हीला जोडून पंधरा दिवस वापरावा. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, आणि विंडोज ११ ला इंटेलच्या प्रोसेसरांपैकी साधारण आठव्या पिढीपासूनचेच चालतात. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर लिब्रेइलेक ही केवळ कोडी चालवण्यासाठी बनवलेली मोफत लिनक्स प्रणाली टाकणे उत्तम. ती बसवताना डिस्कवरचे सारे पुसले जाते, म्हणून आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे काढून घ्यावीत.

जोडल्यावर पहिली तपासणी काळ्या रंगाची. टीव्हीच्या परंपरेत काळा १६ आणि पांढरा २३५ या आकड्यावर असतो, संगणकाच्या परंपरेत ० आणि २५५ वर. दोघांचे एकमत नसेल तर एकतर काळा राखाडी दिसतो, किंवा अंधाऱ्या दृश्यातला सगळा तपशील काळ्यात बुडून जातो. रात्रीच्या प्रसंगात काळ्या कोटाच्या घड्या दिसतात का ते पाहावे; दिसत नसतील तर संगणकाची किंवा टीव्हीची एचडीएमआय रेंजची सेटिंग बदलावी. दुसरी तपासणी कडांची: पडद्याच्या कोपऱ्यातली अक्षरे कापली जात असतील तर टीव्हीच्या चित्राच्या मेनूमध्ये ओव्हरस्कॅन बंद करावे. तिसरी, रिफ्रेश रेट आपोआप बदलण्याची सोय कोडीत सुरू करावी. चौथी, आवाजाचा पासथ्रू, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवण्याची सोय, रिसीव्हर असेल तरच चालू करावा.

जुन्या लॅपटॉपच्या मर्यादा मात्र संगणकाच्या माथी मारू नयेत. अनेक जुन्या लॅपटॉपांचे एचडीएमआय १.४ जातीचे असते आणि ते ४के चित्र सेकंदाला ३० पेक्षा जास्त वेळा पाठवू शकत नाही, म्हणून मेनू जड वाटतो. इंटेलच्या सातव्या पिढीआधीच्या प्रोसेसरांना १० बिटचे एचईव्हीसी चित्र हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, म्हणून पंखा घरघरतो आणि चित्र थांबत थांबत चालते. नव्या यंत्रात या अडचणी राहत नाहीत. या पंधरवड्यात पाहायचे ते एवढेच, की आपल्याला हे रोज वापरावेसे वाटते का.

पायरी सहावी: घरातल्या इतरांचा कौल

प्रयोगाच्या दुसऱ्या आठवड्यात आपण स्वतः हात लावू नये. आईला किंवा आजीला एकच रिमोट हातात घेऊन त्यांचा कार्यक्रम लावता येतो का, हे शांतपणे पाहावे. संगणकांच्या एचडीएमआयमध्ये सहसा सीईसी, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने जोडलेले यंत्र चालवण्याची सोय, नसते; म्हणून टीव्हीचा रिमोट संगणकाला चालवत नाही. त्यासाठी यूएसबीचा सीईसी अडॅप्टर, एअर माउस (हवेत हलवून चालवायचा माउस) किंवा टचपॅड असलेला छोटा वायरलेस कीबोर्ड घ्यावा लागतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात मात्र सीईसी असते, आणि लिब्रेइलेकसह तो टीव्हीच्या रिमोटवरच चालतो. ज्या घरात टीव्ही लावण्यासाठी दर वेळी मुलाला हाक मारावी लागते, त्या घरात हा संगणक कितीही गुणी असला तरी टिकत नाही, आणि त्यात दोष हाक मारणाऱ्याचा नसतो.

पायरी सातवी: पूर्ण खर्चाचा हिशेब

यंत्राची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला आकडा असतो. त्यात रिमोट किंवा कीबोर्ड, डीव्हीडी ड्राइव्ह, संग्रहाची हार्ड डिस्क आणि तेवढ्याच आकाराची दुसरी, प्रतीसाठीची डिस्क मिळवावी. ही दुसरी डिस्क लोक नेमकी वगळतात. जागेचा अंदाज असा धरावा: व्हीसीडीला पाऊण जीबीच्या आसपास, डीव्हीडीला ४.७ किंवा ८.५ जीबीपर्यंत, ब्लू-रेला २५ ते ५० जीबीपर्यंत.

विजेचा हिशेब स्वतः मांडून पाहावा. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी (हातात मावणारा छोटा संगणक) रिकामा असताना साधारण १० वॅट घेतो असे धरले, तर चोवीस तास सुरू ठेवून महिन्याला ७.२ युनिट होतात. जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल, तर ४३.२ युनिट. युनिटला सर्व आकारांसह १० रुपये धरले, तर पहिल्याचे वर्षाचे बिल ८६४ रुपये आणि दुसऱ्याचे ५,१८४ रुपये होते. ‘जुना डेस्कटॉप फुकट पडला आहे, तोच जोडू’ या विचाराची खरी किंमत ही अशी निघते.

वीज जाण्याचाही विचार करावा. अचानक वीज गेल्याने लिहिणे सुरू असलेली हार्ड डिस्क बिघडू शकते. पुष्कळशा घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असते; ते सुरू असेल तर संगणक सहसा बंद न पडता चालू राहतो. इन्व्हर्टर नसेल तर छोटा यूपीएस खर्चात धरावा.

पायरी आठवी: मधला मार्ग

बहुतेक घरांना मी हाच मार्ग सुचवेन. संगणक टीव्हीपाशी न ठेवता राउटरजवळच्या कोपऱ्यात ठेवावा, त्यावर जेलीफिन किंवा प्लेक्स (आपला संग्रह घरातल्या इतर यंत्रांना पुरवणारी सॉफ्टवेअरे) बसवावे, आणि टीव्हीला साधी स्टिक जोडावी. ओटीटी पूर्ण दर्जात मिळते, रिमोट एकच राहतो, पंख्याचा आवाज दिवाणखान्यात येत नाही, आणि आपला संग्रह स्टिकवरच्या एका ॲपमध्ये मुखपृष्ठांसह दिसतो. शयनगृहातल्या टीव्हीलाही तोच संग्रह मिळतो. जेलीफिन पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे. प्लेक्स वापरायला अधिक सुबक आहे, परंतु घराबाहेरून स्वतःचा संग्रह पाहण्यासाठी २०२५ पासून तेथे पैसे मोजावे लागतात.

या मांडणीत एक गोष्ट सांभाळावी. स्टिकला जी फाईल थेट चालवता येत नाही, ती कोपऱ्यातल्या संगणकाला चालता चालता बदलून द्यावी लागते, आणि त्यात दर्जा घटतो. सबटायटल्स चित्रावर उमटवून पाठवण्याची वेळ आली तर कामाचा बोजा आणखी वाढतो. मुलगा किंवा मुलगी परदेशी असेल आणि त्यांनाही घरच्या चित्रफिती पाहायच्या असतील, तर आपला ब्रॉडबँड खरा सार्वजनिक आयपी पत्ता (ज्यावरून इंटरनेटवरून घरच्या यंत्रापर्यंत पोहोचता येते) देतो का ते कंपनीला विचारावे. आपल्याकडे अनेक जोडण्यांना तो नसतो आणि बाहेरून घरच्या यंत्रापर्यंत थेट पोहोचता येत नाही. तेव्हा टेलस्केलसारखी खासगी जोडणी वापरावी.

पायरी नववी: घ्यायचा ठरल्यास

मिनी पीसीच पुरेसा आहे. मोठे ग्राफिक्स कार्ड फक्त गेम खेळायचे असतील तरच घ्यावे. २०२३ पासून मिळणारा इंटेल एन१०० किंवा त्याच्या तोडीचा प्रोसेसर घ्यावा, कारण तो एचईव्हीसी १० बिट, व्हीपी९ आणि एव्ही१ ही तिन्ही प्रकारची चित्रे हार्डवेअरमध्ये उलगडतो. एचडीएमआय किमान २.० असल्याची खात्री करावी, तरच ४के चित्र सेकंदाला ६० वेळा जाते. ८ जीबी रॅम आणि प्रणालीपुरती छोटी एसएसडी पुरते. संग्रह वेगळ्या डिस्कवर ठेवावा. केवळ कोडी चालवायचे असेल आणि शांतता महत्त्वाची असेल, तर पंखा नसलेले यंत्र पाहावे.

यंत्र परत करण्याची मुदत विचारूनच ते घ्यावे आणि त्या मुदतीत दुसऱ्या पायरीतल्या त्याच चार फायली पुन्हा लावून पाहाव्यात. बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करावी. नंतर संग्रह भरायला घेताना क्रम उलटा ठेवावा: बाजारात पुन्हा मिळू शकणारे चित्रपट शेवटी, आणि ज्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही, त्या घरच्या कॅसेटी सर्वांत आधी. त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे, ठेवायला द्यावी.